शारदाला मुलगा नव्हता

इंदिरापुरम, गाझियाबाद
१२ ऑक्टोबर २०२५

चि. कादंबरी,

अनेक आशीर्वाद. हे सवयीने लिहिलंय. आज मनात फारसे नाहीत.

फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू 'काकू, ऐका ना यार' म्हणतेस आणि माझा राग वरणासारखा पातळ होतो. आज मला तो पातळ करायचा नाही. तिकडे गुरुग्रामच्या ऑफिसात तू हे पाकीट फोडशील तेव्हा मी समोर नसेन, हेच बरं.

काल 'टावर नौ'चा दुसरा भाग पाहिला. आमच्या सेक्शनमधल्या कुमुदला बरोबर नेलं होतं. ती बिचारी महिनाभर ऑफिसात सांगत फिरत होती, 'हमारी सुनंदाजी की पिक्चर का पार्ट टू आ रहा है.' मी तिला म्हटलं होतं, यात मी नाही, मला कुणी विचारलेलं नाही. तर म्हणते, अगं, पहिला भाग तुझ्या जिवावर चालला, थोडी तरी दाखवतीलच.

दाखवली ना! पाठमोरी दाखवली. माझ्यासारखी साडी नेसवलेली कुणी दुसरीच बाई गॅसपाशी उभी. वरून काहीतरी पडतं, ती किंचाळते, संपली. कुमुदचा पहिला पॉपकॉर्न अजून तोंडात जायचा होता. मागच्या रांगेतला एक पोरगा म्हणाला, 'बुढ़िया तो गई', आणि लोक हसले.

पहिल्या भागात ज्या बाईला मी अख्खा टॉवर उतरवून जिवंत खाली आणलं, तिला असं मारलंत? आठवतंय का ती कोण होती? शारदा. नवऱ्यामागे एकटी राहिलेली क्लार्क. अर्धवट बांधलेल्या टॉवरमध्ये सगळ्यांत आधी राहायला आलेली. बाकीचे फ्लॅट रिकामे, आणि त्या रिकाम्या फ्लॅटांत परग्रहावरून येऊन बसलेले ते 'किराएदार'. ते एकदाही दिसले नाहीत. बंद फ्लॅटमध्ये लागलेला दिवा, भिंतीवर ओल, आणि इंटरकॉमवर ओळखीचा आवाज, बस. ज्याच्यासाठी जीव तुटतो त्याचाच आवाज काढून ते दार उघडायला लावायचे. शारदाचा मेलेला नवरा बोलायचा, 'शारदा, चाय चढ़ा दी?' आणि ती दाराच्या कडीवर हात ठेवून उभी राहायची. तो हात माझा होता. लोक त्या हाताला घाबरले होते गं, राक्षसाला नाही.

आता राक्षस दिसतात. पाली! रबराच्या पाली मेट्रोच्या छतावरून सरपटतात आणि शुद्ध हिंदीत सांगतात की आम्ही दिल्ली ताब्यात घेणार. इतक्या लांबून आले ते दिल्ली घ्यायला? नोव्हेंबरात इथली हवा एकदा घेऊन बघा म्हणावं.

आणि मुलगा. शारदाचा मुलगा! दंड फुगवून, दोन्ही हातांत बंदुका घेऊन. तिने म्हणे तो लहान असताना टाकून दिला होता. कादंबरी, शारदाला मुलगा नव्हता. मलाही नाही. यूपीएससीचा अभ्यास करताना तू तीन वर्षं आमच्या घरात राहिलीस. तुला हे वेगळं सांगायला हवं का?

एकच विचारते. पडद्यावर लेखिका म्हणून तुझं नाव आहे. यातलं तू काय लिहिलंस?

सुनंदाकाकू


गुरुग्राम
१७ ऑक्टोबर

प्रिय काकू,

सा. न. पत्र ऑफिसात मिळालं. रिसेप्शनवरच्या मुलीने 'मॅम, हाथ से लिखा हुआ है' म्हणत असं आणून दिलं, जणू कोर्टाची नोटीस. वाचून झाल्यावर वाटलं, तीच होती.

तुमचं सगळं खरं आहे. पिक्चर वाईट झालाय, आणि हे मला शूटिंग चालू असतानाच दिसत होतं. पण काकू, नाव माझं असलं तरी हात किती जणांचे होते ते तुम्हाला माहीत नाही. पहिला भाग आपण जयेशच्या हट्टापायी केला. त्याच्याकडे ना कॅमेरे नीट होते ना माणसं, पण दिग्दर्शक तो एकटा होता. पिक्चर चालला तसा कंपनीने दुसरा भाग स्वतःकडे घेतला आणि जयेशला गोड बोलून बाजूला केलं. मग एका खोलीत आम्ही आठ-दहा जण, प्रत्येकापुढे लॅपटॉप. धीरज म्हणून आमचे क्रिएटिव्ह हेड आहेत. ते रोज सकाळी एक कल्पना घेऊन येणार. 'राक्षस दिसला पाहिजे.' चलो, दिसला. 'तरुण हीरो हवा.' आला. 'ॲक्शन कमी वाटतेय.' वाढवली. मी म्हटलं, सर, न दिसण्यातच तर भीती आहे. म्हणाले, कादंबरी, न दिसणाऱ्या गोष्टीचं पोस्टर कसं करणार?

मुलाचं म्हणाल तर ते सगळं वरून आलं. तो भाग माझा नाही. शारदाचं मरणही माझं नाही. मी एकटी किती भांडणार होते? नोकरी आहे. उदगीरला आईबाबांना वाटतं, पोरगी कलेक्टर झाली नाही, निदान सिनेमात नाव तरी येतं.

रागवा, पण थोडं कमी रागवा. दिवाळीत येऊ का? काका कसे आहेत? पथ्य पाळतात ना?

तुमची
कादंबरी


इंदिरापुरम
पाडवा, २२ ऑक्टोबर

कादंबरी,

दिवाळीला आली नाहीस ते बरं केलंस. मला तुला ओवाळून घरात घेता आलं नसतं आणि हाकलूनही देता आलं नसतं.

तू मला खोटं लिहिलंस.

सिनेमाच्या मध्यावर त्या मुलाला आईचा जुना मोबाइल सापडतो. त्यात तिचं बोलणं आहे, कुणा भलत्याच बाईच्या आवाजात. ती म्हणते, 'जिस दिन उसे छोड़ा, उस दिन मुझे हल्का लगा. यह बात मैं किसी से कह नहीं सकती.' कुमुद माझ्या कानाशी पुटपुटली, 'शी, कसली बाई आहे ही!' अख्ख्या थिएटरला तेच वाटलं असणार.

हे वाक्य कुठून आलं ते तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. तुझा प्रिलिम्सचा पहिला निकाल लागला त्या संध्याकाळी तू माझ्या स्वयंपाकघरात खाली बसून रडत होतीस. मी पोळ्या लाटत होते. तुला धीर द्यायचा म्हणून मी ते बोलले, जे सख्ख्या बहिणीला सांगितलेलं नाही. म्हटलं, 'मूल व्हावं म्हणून डॉक्टर झाले, उपास झाले, आणि ज्या दिवशी आशा सोडली त्या दिवशी मला हलकं वाटलं. हे कुणाला सांगता येत नाही.' आशा सोडली म्हटलं होतं मी. मूल सोडलं नव्हतं. तू त्यातला एक शब्द काढलास आणि माझ्या दुःखाचं पाप करून टाकलंस.

धीरज बसले होते का त्या स्वयंपाकघरात? ते दहा लॅपटॉप होते का?

आणि मुलगाच हवा होता ना तुम्हाला? मग ऐक. शारदा घरात एकटी आहे. दारावर थाप पडते. बाहेरून हाक येते, 'माँ'. हा आवाज तिने जन्मात ऐकलेला नाही, कारण तो मुलगा जन्मलाच नाही. नवऱ्याच्या आवाजाला ही फसत नाही, हे किराएदारांना एव्हाना कळलंय. ती कडीवर हात ठेवून उभी. उघडेल की नाही? सांग, थिएटरात एक तरी माणूस खुर्चीला टेकून बसला असता का?

मी सेक्शन ऑफिसर आहे, लेखिका नाही. हे मला भांडी विसळताना सुचलं. तुला इतक्या महिन्यांत सुचलं नाही, कारण तुला लोकांना घाबरवायचं नव्हतं. तुला कुणाला तरी दुखवायचं होतं. कुणाला, ते कळलं. का, ते कळत नाही.

सुनंदा


गुरुग्राम
२८ ऑक्टोबर

काकू,

का ते कळत नाही? खरंच? मग मीही फोन करत नाही, लिहितेच.

हो, ते वाक्य मी लिहिलं. मुलगाही मीच आणला. धीरजना फक्त एक हीरो हवा होता. तो शारदाचा टाकून दिलेला मुलगा असावा, हे मी सुचवलं. मागच्या पत्रात खोटं लिहिलं कारण तुमची भीती वाटली. आता नाही वाटत.

पण त्याआधी काय झालं ते तुम्ही इतक्या सफाईने विसरलात? दुसऱ्या भागाचा पहिला मसुदा माझा एकटीचा होता. त्यात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शारदा होती. मी धीरजना सांगितलं, सुनंदाकाकू नसतील तर हा सिनेमाच नाही. सगळ्यांसमोर भांडले. शेवटी ते म्हणाले, अच्छा, विचारू या. तारखा विचारायला कंपनीकडे असलेला तुमचा नंबर लावला, स्पीकरवर. मी समोर बसलेली. काकांनी उचलला. म्हणाले, 'सुनंदाला आता असल्या सिनेमात रस नाही. तिनेच कळवायला सांगितलंय. कृपा करून पुन्हा फोन करू नका.'

असल्या सिनेमात. सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. कुणी तरी हसलंसुद्धा.

तरी मी वाट पाहिली. वाटलं, काकू स्वतः फोन करतील. नाही म्हणायचं तर मला म्हणतील, तोंडावर. त्यानंतर संक्रांतीला मी घरी आले होते. तुम्ही तिळगूळ दिलात, स्वेटर चांगला आहे म्हणालात, आणि सिनेमाबद्दल अवाक्षर नाही. जणू मी बँकेत नोकरीला आहे. ज्या बाईला डोळ्यांसमोर ठेवून मी आयुष्यातलं पहिलं चांगलं काही लिहिलं, तिला ते 'असलं' वाटत होतं.

मग म्हटलं, ठीक आहे. रस नाही ना, मग मरू दे. पहिल्याच सीनमध्ये मरू दे, तोंडही न दाखवता. तो सीन मी एका बैठकीत लिहिला. आणि काकू, तुमचाच शब्द वापरते, मला हलकं वाटलं.

कादंबरी


गुरुग्राम
१९ नोव्हेंबर

काकू,

इतके दिवस झाले, तुमचं काहीच नाही. मी फार बोलले. फोन लावला, तुम्ही उचलला नाहीत. काकांना लावायची हिंमत होत नाही. त्यांची तब्येत बरी आहे ना? तेवढं एका ओळीत कळवा. राग राहू द्या, मी तो कमी करा म्हणत नाही.

कादंबरी


इंदिरापुरम
२४ नोव्हेंबर

कादंबरी,

काका ठणठणीत आहेत. मी त्यांच्याशी बोलत नव्हते, म्हणून तुझ्याशीही बोलणं झालं नाही. घरात एवढा मोठा अबोला चालू असला की बाहेर पत्र लिहायला शब्द उरत नाहीत.

मी नाही म्हटलंच नव्हतं. मला कुणी विचारलंच नव्हतं. पहिल्या सिनेमाच्या वेळी कंपनीला यांचा नंबर दिला होता, कारण ऑफिसात मला फोन घेता येत नसे. तो तसाच राहिला. आणि संक्रांतीला मी गप्प होते, कारण मी वाट पाहत होते. भाचीच्या लग्नाचं बोलावणं यायचं तर ते तिकडूनच आलं पाहिजे, आपण कसं विचारणार, 'मला बोलावणार आहात का?' तसं झालं होतं माझं. ऑफिसात रोज कुणी तरी विचारायचं आणि मी सांगायची, अजून लिहिणं चालू आहे. तू तिळगूळ घेतलास, स्वेटर सारखा केलास आणि निघून गेलीस. मला वाटलं, पोरीला दुसरी कुणी मिळाली, सांगायला लाजतेय.

तुझं पत्र वाचून मी आत गेले. हे डायनिंग टेबलवर शब्दकोडं सोडवत होते.

"कंपनीचा फोन आला होता तुम्हाला?"

"कुठली कंपनी?"

"विलास."

तुला माहीत आहे, मी यांना नावाने हाक मारत नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आला होता."

"मग?"

"नाही म्हणालो."

"माझ्या नावाने?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"मला विचारलं का नाहीत?"

"तू हो म्हणाली असतीस."

कादंबरी, इतक्या वर्षांच्या संसारात हे मला पुष्कळ वाईट बोललेत आणि मीही त्यांना. पण इतकं सरळ, इतक्या शांतपणे काही म्हणाले नव्हते. मी हो म्हणेन हे माहीत होतं, म्हणून विचारलं नाही. त्या संध्याकाळी मी शेजारच्या खोलीत गादी घातली.

बरेच दिवस गेले. मग परवा ऑफिसातून आले तर दारातच उभे. म्हणाले, बस, सांगतो.

शारदाच्या मेलेल्या नवऱ्याचा फोटो म्हणून तुम्ही यांचाच फोटो लावला होता ना, हार घालून? इंटरकॉमवरचा आवाजही यांचाच होता. सगळं हौसेने दिलं होतं. हार घालताना सेटवर सगळ्यांत जास्त हेच हसले होते. सिनेमा आला आणि पुढच्या काही महिन्यांत यांच्या छातीत दुखलं, स्टेंट टाकावा लागला. ते सगळं तू पाहिलंस, दवाखान्यात आली होतीस. पण आत काय चाललं होतं ते मलाही माहीत नव्हतं.

"आयसीयूत डोळे मिटले की तो फोटो दिसायचा," म्हणाले. "हारासकट. माझाच आवाज ऐकू यायचा. वाटायचं, झालं, आपण भिंतीवर लागलोच आहोत, आता फक्त इथून उचलून न्यायचं बाकी आहे. आणि घरी येतो तोच ते म्हणतात दुसरा भाग. म्हणजे परत तो फोटो, परत हार."

"मग फोटो बदला म्हणायचं होतं. एक वाक्य होतं."

"लाज वाटली. जन्मभर लोकांच्या अंगाऱ्या-धुपाऱ्यांना हसलो. आता फोटोला घाबरतो म्हणून कुणाला सांगू? तुला?"

"फोटोला घाबरतो म्हणायची लाज वाटली, आणि माझं काम बंद करायची नाही वाटली?"

मला त्यांची कीव आली, खोटं कशाला सांगू. त्या दवाखान्यात हे एकटेच घाबरत पडले होते आणि मी बाहेर बसून बिलांवर सह्या करत होते. पण कीव आली म्हणून राग जात नाही. मी आता त्यांच्याशी बोलते. जेवायला वाढते, औषधं घेतली का विचारते. गादी अजून शेजारच्या खोलीतच आहे.

आता तुझं. तू यांच्या आड लपू नकोस. फोनवर खोटं यांनी सांगितलं, पण ते वाक्य तुझ्या हातात यांनी दिलं नव्हतं. मी नकार दिला असं वाटलं ना तुला? मग भांडायचं होतंस माझ्याशी. दारात येऊन शिव्या द्यायच्या होत्यास. शारदाला मारलंस, तेही मी समजून घेईन. माझ्या स्वयंपाकघरातली गोष्ट उचलून अख्ख्या देशाला का दाखवलीस?

सुनंदा


गुरुग्राम
७ डिसेंबर

प्रिय काकू,

का दाखवलीस, याचं उत्तर लिहायला तीन-चारदा बसले. प्रत्येक उत्तर सबब निघालं. तेव्हा उत्तर देत नाही. मी ते केलं, आणि ते करताना ते तुमचं आहे हे मला पक्कं माहीत होतं. माफी मागते. ती दिलीच पाहिजे असं काही नाही.

काकांबद्दल वाचून फार वाईट वाटलं. तो हार मीच आणला होता, खारी बावलीच्या फूलबाजारातून.

एक केलंय. सिनेमा आता ऑनलाइन यायचा आहे. त्याआधी ते मोबाइलचं बोलणं काढा म्हणून मी धीरजच्या मागे लागले. मला वाटलं होतं मोठं भांडण होईल. म्हणाले, 'काट दो, वैसे भी स्लो था.' तेवढ्यावर संपलं. जे वाक्य तुमच्या काळजातून ओढून काढलं, ते त्यांना नुसतं संथ वाटत होतं. मला त्या क्षणी माझीच इतकी चीड आली की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. थिएटरात ज्यांनी ऐकलं त्यांच्या कानांतून मात्र ते काढता येणार नाही.

आता दुसरी बातमी. सिनेमा साफ पडला. दुसऱ्या आठवड्यात शो रद्द झाले. लोक जिथे तिथे लिहिताहेत, 'शारदाजी को वापस लाओ.' म्हणून कंपनीने तिसरा भाग ठरवलाय. त्यात म्हणे शारदा मेलीच नव्हती. मेला तो तिच्या रूपातला किराएदार. खरी शारदा मेट्रोच्या एका जुन्या बोगद्यात सापडते, आणि मुलगा तिला मिठी मारतो. मी म्हटलं, मुलगा काढा, मूळ चूक तीच आहे, आणि ती माझी आहे. तेव्हापासून मला त्या खोलीत बोलवत नाहीत. राजीनामा दिलाय असं लिहायला छान वाटलं असतं, पण दिलेला नाही. दुसरं काम शोधतेय.

धीरज तुम्हाला फोन करतील. मी त्यांना तुमचा स्वतःचा नंबर दिला आणि सांगितलं की काकूंनी कधी नाही म्हटलंच नव्हतं, त्यांना विचारलंच गेलं नव्हतं. हो म्हणा की नाही म्हणा, मी काही सुचवणार नाही. या वेळी तुम्हाला विचारलं जावं, एवढंच.

तुमची
कादंबरी


इंदिरापुरम
२१ डिसेंबर

चि. कादंबरी,

आशीर्वाद.

धीरजचा फोन आला आणि काल मी तुमच्या ऑफिसात जाऊन आले. तू सुट्टीवर होतीस असं कळलं. बरं झालं. तुझ्याकडे बघत बोलायची वेळ आली नाही.

हे म्हणाले, मी येतो. म्हटलं, या, पण खाली बसायचं. वैशालीहून मेट्रो धरली, राजीव चौकला बदलली. धुकं असं की गुरुग्रामचे ते मोठमोठे टॉवर कमरेपासून वर दिसतच नव्हते. यांना रिसेप्शनच्या सोफ्यावर बसवलं आणि मी लिफ्टने वर गेले.

धीरज तुझ्यापेक्षा फार मोठे नाहीत गं. मी उगाच कुणी मोठा माणूस डोळ्यांपुढे आणला होता. पायात मोजे नाहीत, एवढ्या थंडीत. 'मॅम, आप तो लेजेंड हैं' म्हणाले. मग भिंतीवर चित्रं दाखवली. शारदा बोगद्यात, केस मोकळे, तोंडाला काळं. शारदा मुलाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडतेय. शारदा मुलाच्या कपाळाला टिळा लावतेय आणि तो बंदूक उचलतोय.

मी म्हटलं, मुलगा नको.

'मॅम, इमोशनल कनेक्ट है.'

मी म्हटलं, शारदाला मुलगा नव्हता, कधीच नव्हता, तुम्ही चुकलात. आता तीच चूक सुधारायची असेल तर एक करा. आणि मी त्यांना ते दाराचं सांगितलं. बाहेरून हाक, आत कडीवर हात. सांगताना खोलीत कुणी हललं नाही. कोपऱ्यातली एक मुलगी दोन्ही हात चोळायला लागली. मला तेवढ्यात कळलं की हे चालतं. आजही चालतं.

धीरज म्हणाले, 'अच्छा है मॅम, बिल्कुल अच्छा है. लेकिन छोटा है. एक ही कमरा है. और हीरो के साथ हमारा तीन फिल्मों का कॉन्ट्रॅक्ट है.' मग म्हणाले, 'आप आराम से सोचिए. घर जाकर एक बार सर से पूछ लीजिए. पिछली बार भी सर ने ही...'

कादंबरी, मी उभी राहिले. मी तिथे हिंदीत बोलले आणि माझी हिंदी रागात फार चांगली होते, तू ऐकली आहेस. म्हटलं, मागच्या वेळी सरांना विचारलंत म्हणूनच तुमचा सिनेमा असा झाला. शारदाचं काम सरांनी केलं होतं का? मी त्याच शहरात होते, तोच चेहरा घेऊन रोज ऑफिसला जात होते, आणि तुमच्यातल्या एकालाही वाटलं नाही की या बाईला स्वतःला एकदा विचारावं. सरांनी मला विचारलं नाही, तुम्ही विचारलं नाही, आणि तुमच्या लेखिकेने मला विचारायच्या आधीच मारून टाकलं. आता मी तुमच्या समोर बसले आहे, आणि आताही सर? विचारा मला. विचारा!

त्या बिचाऱ्याने खरंच विचारलं. 'मॅम, आप करेंगी?'

म्हटलं, नाही. शारदाला मेलेलीच राहू द्या. तुम्ही मारलीत तिला, आता त्या मुलाच्या गळ्यात पाडायला उठवू नका. दुसरी बाई शोधा, साडी तर तुमच्याकडे आहेच.

लिफ्टमध्ये बटण दोनदा चुकलं. मला ते काम हवं होतं. हे तुलाच लिहिते. दोन वर्षं मी त्याची वाट पाहिली होती, आणि ते समोर आलं तेव्हा मला ते नाकारावं लागलं. याचा राग कुणावर काढू ते अजून ठरलेलं नाही. थोडा तुझ्यावरही आहे. तू माफी मागितलीस ती पोचली, पण ती ठेवायला घरात जागा करावी लागेल. वेळ लागेल.

दरम्यान तू नुसती बसू नकोस. टॉवर त्यांचा, किराएदार त्यांचे, शारदा त्यांची. ते सोड. दार काही कुणाच्या मालकीचं नसतं. दुसरी बाई लिही, दुसरं घर, एकच खोली. जयेशला विचार, तो सध्या काय करतोय. लिहिलेलं प्रत्येक पान मला दाखवायचं. आवडलं नाही तर फाडीन. आणि ती बाई मी करणार. मला ऐकू कमी येईपर्यंत, पाय चालेनासे होईपर्यंत मी कामं करणार आहे.

आम्ही खाली भेटलो तेव्हा हे कागदी कप हातात धरून उभे होते. 'काय झालं?' म्हणाले. 'सांगते' म्हटलं. मेट्रोत विचारलं, मंडीत भाजी घेताना विचारलं. सांगितलेलं नाही. आज सकाळपासून समोर मटार सोलत बसलेत, आणि आता मान वर न करता पुन्हा विचारताहेत, "मग ठरलं काय?"

म्हटलं, पाकीट चिकटवून होईपर्यंत थांबा. आधी कादंबरीला कळू दे.

सुनंदाकाकू